घाटपायथ्याचा पाऊस आणि भोवऱ्यांचं गणित

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की वाटेत कशेळे येतं. इथून एक फाटा खांडसकडे जातो; तिथून गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने माणसं भीमाशंकरला चढतात. दुसरी वाट आंबिवलीला, कोथळीगडाच्या पायथ्याशी पोचते. कशेळे सखल भागात, भोवती भातखाचरं, आणि पूर्वेला पंधराएक किलोमीटरच्या आत सह्याद्रीची जवळपास हजार मीटर उंच भिंत. जूनमध्ये अरबी समुद्रावरून निघालेला वारा या भिंतीला येऊन भिडतो. कर्जत परिसरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माथेरानच्या पठारावर त्याहून बराच जास्त, आणि कर्जतपासून सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटरवरच्या पुण्यात सातशे ते साडेसातशे. एवढ्या थोड्या अंतरात जवळजवळ पाचपट फरक पडतो. वारा तोच, महिने तेच, समुद्रही तोच. फरक करते ती हवेची वर चढण्याची, वळण्याची, घुसळण्याची रीत.

ही रीत गणितात कशी मांडतात आणि ते गणित संगणकाकडून कसं करून घेतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. वातावरणातले आणि समुद्रातले प्रवाह क्वचितच सरळ, शिस्तीत वाहतात. ते भोवऱ्यांनी, झोतांनी, गरक्यांनी वाहतात. अशा संक्षुब्ध प्रवाहांचं संगणकीय प्रतिरूप बनवणं हे आजच्या विज्ञानातलं एक मोठं आणि अजून अपुरं राहिलेलं काम आहे. विषय साऱ्या जगाचा असला तरी तो मी कशेळ्यावरून सांगायचं ठरवलं, त्याला कारण आहे. समुद्राची वाफ, घाटाची चढण, ढगांची वाढ आणि मॉडेलच्या जाळीत न मावणारी दऱ्याखोरी, या सगळ्या अडचणी इथे एकत्र येतात. शिवाय इथे अंदाजावर खरोखर काहीतरी ठरतं. राबात बी कधी टाकायचं, लावणीला माणसं कधी बोलवायची, ऑक्टोबरात कापलेलं भात खाचरात पसरून ठेवायचं की उचलायचं, हे प्रश्न आभाळाकडे बघून सुटायचे. आता ते मोबाइलवरच्या अंदाजाकडे बघूनही सोडवले जातात. तो अंदाज कुठून येतो हे त्या माणसांना कळायला हवं.

सुरुवात पाण्यापासून करू. भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र १९२२पासून चालू आहे. घाटमाथ्यावरच्या आंध्रा जलाशयाचं पाणी मोठ्या नळांतून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि पेज नदीत उतरतं. राजनाल्याला पाणी मिळतं ते यातूनच, आणि त्यावर तालुक्यात उन्हाळी भात होतं. पेजेच्या पात्रात पुलाच्या खांबामागे पाणी बघा. खांबाच्या जाडीएवढे भोवरे एकाआड एक सुटतात. त्यांच्या कडेला लहान भोवरे, त्यांच्या कडेला आणखी लहान. मोठा भोवरा आपली ऊर्जा लहानाला देतो, लहान त्याहून लहानाला, आणि शेवटी पाण्याचा चिकटपणा सगळ्यात बारीक भोवऱ्याला थांबवतो. गतीची उष्णता होते. रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९४१मध्ये या उतरंडीचा नियम मांडला. कोणत्या आकाराच्या भोवऱ्यात किती ऊर्जा असते आणि उतरंड कुठे संपते, हे त्यातून काढता येतं.

प्रवाह शांत केव्हा असतो आणि खवळतो केव्हा, हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३मध्ये मँचेस्टरला दाखवलं. काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात त्यांनी रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना धार सरळ राहिली, वाढवल्यावर विस्कटून साऱ्या नळीत पसरली. वेग आणि रुंदी यांच्या गुणाकाराला द्रवाच्या चिकटपणाने भागलं की जी संख्या येते तिला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. नळीतला प्रवाह साधारण दोन हजारांच्या पुढे बिघडायला लागतो. मीटरभर खोल पेज सेकंदाला एक मीटर वाहत असेल तर तिचा अंक दहा लाख भरतो. जमिनीलगतच्या किलोमीटरभर जाड हवेतून सेकंदाला दहा मीटरचा वारा वाहत असेल तर तो साठ-सत्तर कोटींवर जातो. कशेळ्यावरची हवा पावसाळ्यात कायम खवळलेलीच असते.

या हवेचे नियम मात्र माहीत आहेत. फ्रान्सचे नाव्हिए आणि ब्रिटनचे स्टोक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते समीकरणांत बांधले. त्यांत न्यूटनचाच नियम आहे: दाब, गुरुत्व आणि घर्षण मिळून हवेच्या प्रत्येक कणाला किती ढकलतात. नियम छोटे आहेत, पण ते सोडवणं भलतंच अवघड, कारण वारा स्वतःलाच वाहून नेतो. जो वेग शोधायचा तोच समीकरणात स्वतःशी गुणला जातो. या समीकरणांची उत्तरं नेहमी सुरळीत राहतात का, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. अमेरिकेच्या क्ले गणित संस्थेने २०००मध्ये ज्या सात प्रश्नांवर प्रत्येकी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, त्यांत हा एक आहे.

उत्तर सूत्रात सापडत नाही म्हणून आकड्यांत काढायचं, ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. नॉर्वेचे विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४मध्ये म्हटलं की आजची हवा नीट मोजली तर उद्याची हवा गणिताने काढता येईल. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी ते खरोखर करून पाहिलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करत असताना त्यांनी २० मे १९१० या एका दिवसाची सहा तासांची बेरीज-वजाबाकी हाताने केली. उत्तर साफ चुकलं: दाब सहा तासांत १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असं निघालं, जे पृथ्वीवर घडत नाही. तरीही १९२२मध्ये त्यांनी सारी पद्धत, चुकीच्या उत्तरासकट, पुस्तकरूपाने छापली. पद्धत बरोबर होती. सुरुवातीच्या मोजमापांतले वारे आणि दाब एकमेकांशी जुळलेले नव्हते, एवढाच दोष होता. १९५०मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी, रॅग्नर फ्योर्टॉफ्ट आणि जॉन फॉन नॉयमन यांनी एनिॲक या संगणकावर पहिले यशस्वी अंदाज काढले. चोवीस तासांच्या अंदाजाला तेव्हा जवळपास चोवीस तासच लागत.

आज संगणक कितीतरी पटींनी वेगवान आहेत. मग सगळे भोवरे थेट का मोजत नाहीत? याचं उत्तर कशेळ्यावरच काढून पाहू. गावावरच्या हवेचा एक घन किलोमीटर घ्या. हवेतले सगळ्यात लहान भोवरे मिलिमीटरच्या घरात असतात, म्हणून जाळीही मिलिमीटरची हवी. एका किलोमीटरात दहा लाख मिलिमीटर. म्हणजे तिन्ही दिशांना मिळून एकावर अठरा शून्यं एवढे बिंदू. प्रत्येक बिंदूला दर पावलाला हजारएक आकडेमोडी लागतात असं धरू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतला ‘अर्का’ हा महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप्सचा आहे. सेकंदाला एकावर पंधरा शून्यं, त्याच्या साधारण बारापट आकडेमोडी तो करू शकतो. तो पूर्ण क्षमतेने चालला तरी एका पावलाला जवळपास एक अख्खा दिवस जाईल. दहा मीटर वेगाचा वारा मिलिमीटरभर सरकतो तेवढंच एक पाऊल, म्हणजे सेकंदाचा दहाहजारावा भाग. तेव्हा कशेळ्यावरच्या एका घन किलोमीटर हवेचा एक सेकंद मोजायला ‘अर्का’ला सुमारे सत्तावीस वर्षं लागतील. यात ढग नाहीत, पाऊस नाही, डोंगरही नाही.

म्हणून सगळं मोजणं हा मार्ग लहान जागांपुरताच उरतो. ढगाच्या कडेवरची काही दशांश मीटरची पेटी, त्यात कोरडी हवा शिरल्यावर थेंब कसे विरतात, एवढंच अशा पूर्ण हिशोबाने पाहतात. त्याला थेट प्रतिरूपण किंवा डीएनएस म्हणतात. दुसरा मार्ग मधला: मोठे भोवरे मोजायचे, लहानांचा परिणाम अंदाजायचा. जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांनी १९६३मध्ये यासाठी सूत्र दिलं. न दिसणारे भोवरे मोठ्या प्रवाहावर जादा घर्षणासारखे वागतात, आणि ते घर्षण जाळीच्या आकारावर नि प्रवाहाच्या ताणावर ठरतं. जेम्स डिअरडॉर्फ यांनी १९७०मध्ये एका पन्हाळीतल्या प्रवाहाला ही पद्धत लावली तेव्हा त्यांच्या हाती फक्त ६,७२० बिंदू होते. तेवढ्यावर त्यांनी संक्षुब्ध प्रवाहाची ठळक लक्षणं पकडली. ही झाली एलईएस, मोठ्या भोवऱ्यांची पद्धत. तिसरा मार्ग रोजच्या हवामान अंदाजाचा. जाळीचा चौकोन किलोमीटरांमध्ये, आणि त्याच्या आतले भोवरे, गडगडाटी ढग, जमिनीवरून उठणारी उष्णता, सगळं सूत्रांनी बसवलेलं. या बसवण्याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. वाचकाने या पुस्तकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी: अंदाजातला प्रत्येक आकडा अर्धा मोजलेला आणि अर्धा बसवलेला असतो. मोजलेलं कुठे संपतं आणि बसवलेलं कुठे सुरू होतं हे जाळीचा आकार ठरवतो.

आता हीच जाळी घाटावर पसरू. ‘अर्का’ जिथे आहे ती पुण्याची मौसमविज्ञान संस्था १९६२मध्ये स्थापन झाली. तिथल्या आर. पी. सरकार यांनी १९६६मध्ये डोंगरामुळे पडणाऱ्या पावसाचं एक गणिती मॉडेल प्रसिद्ध केलं आणि ते मुंबई ते पुणे या छेदावर तपासलं. आपला कर्जत-खंडाळ्याचा प्रदेश त्याच छेदाच्या आसपासचा. समुद्रावरून येणारी दमट हवा चढणीला लागली की कुठे किती वर उचलली जाते, किती पाणी गाळते, हे त्यांनी मांडलं. घाटाच्या अलीकडे पाऊस वाढत जातो आणि माथा ओलांडल्यावर झपाट्याने उतरतो, हे चित्र त्यांच्या गणितातून बाहेर पडलं. मॉडेल साधं होतं: डोंगर गुळगुळीत केलेला, प्रवाह स्थिर, भोवरे नाहीत. तरी सह्याद्रीच्या पावसाचा सांगाडा त्याने पकडला. या भागाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने त्या कामाचं ऋण मानलं पाहिजे.

सांगाड्यावर मांस चढवणं मात्र जाळीच्या हातात आहे. २०१६पासून भारताचं जागतिक मॉडेल बारा किलोमीटरच्या जाळीवर चालू लागलं. बारा किलोमीटरच्या एका चौकोनात कशेळे, आंबिवली, कोथळीगड आणि घाटाचा बराचसा उतार एकत्र येऊ शकतो. त्या चौकोनाला एकच उंची मिळते, सगळ्यांची सरासरी. संगणकाच्या दृष्टीने मग कशेळे खाचरांत नसतं, ते कुठेतरी मधल्या चढणीवर असतं, आणि कडा नाहीसा होऊन तिथे मंद उतार येतो. २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ देशाला अर्पण झाली. पुण्याच्या याच संस्थेत घडलेलं हे मॉडेल उष्ण कटिबंधात सहा किलोमीटरच्या जाळीवर चालतं. पायथा आणि माथा आता वेगळ्या चौकोनांत येतात. ही मोठी मजल आहे. जाळीची बाजू अर्धी केली की चौकोन चौपट होतात, वेळेची पावलं दुप्पट घ्यावी लागतात, म्हणजे मेहनत आठपट.

पण सहा किलोमीटरची जाळी म्हणजे सहा किलोमीटरची नजर नव्हे. एखादी रचना मॉडेलमध्ये खऱ्यासारखी वागायची तर तिच्यावर साधारण सहा-सात चौकोन पडावे लागतात. तेव्हा सहा किलोमीटरच्या जाळीला चाळीसएक किलोमीटरच्या रचना नीट दिसतात; त्याखालच्या धूसर. आणि गडगडाटी ढग नेमका पाच-दहा किलोमीटरचा. तो पुरता मोजलाही जात नाही आणि पुरता बसवताही येत नाही. शास्त्रज्ञ या पट्ट्याला करडा पट्टा म्हणतात. सूत्र चालू ठेवलं तर ढग दोनदा मोजला जातो, बंद केलं तर अर्धवट उगवतो. आज जगभरच्या मॉडेलकारांची खरी झुंज या पट्ट्यात चालू आहे, आणि घाटपायथ्याचा पाऊस त्याच पट्ट्यात पडतो.

ढगाच्या आत काय घडतं हे समजल्याशिवाय ही झुंज जिंकता येणार नाही. बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, ती ढगाला वर रेटते, आणि ढग वाढताना बाजूची कोरडी हवा आत ओढतो. किती ओढतो यावर तो मरेल की घाटावर कोसळेल हे ठरतं. बंगळुरूच्या रोद्दम नरसिंहा यांनी या प्रश्नाला वेगळ्याच बाजूने हात घातला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या टाकीत वर चढणाऱ्या झोताला विजेने मधूनच उष्णता दिली आणि ढगाची वाढ प्रयोगशाळेत घडवून दाखवली. पुण्याच्या संस्थेने २००९पासून विमानं ढगांत नेऊन थेंब आणि धूलिकण मोजले, आणि २०१२मध्ये महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी उंचावरची प्रयोगशाळा उभारली, कारण तिथे पावसाळ्यात ढग खिडकीपाशी येऊन थांबतो. सह्याद्रीवरच्या थेंबांची ही मोजणी मॉडेलमधल्या सूत्रांची कसोटी घेते.

या सगळ्याची सुरुवात समुद्रावर होते. पावसाळ्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून अरबी समुद्रावर खालच्या थरात वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. १९६९मध्ये हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी त्याचा मागोवा काढला. हा झोत समुद्राची वाफ उचलतो आणि त्याच वेळी समुद्र घुसळतो. मे महिन्यात तीस अंशांच्या आसपास तापलेलं पृष्ठाचं पाणी मॉन्सून सुरू झाल्यावर थंड होतं, कारण वारा खालचं गार पाणी वर आणतो आणि बाष्पीभवन उष्णता घेऊन जातं. ही घुसळण सेंटिमीटरांच्या भोवऱ्यांनी होते, तर समुद्रातले मोठे भोवरे शंभर-शंभर किलोमीटरांचे असतात. एकाच गणितात ही दोन्ही टोकं धरायची असतात. समुद्र कमी घुसळला जातो असं मॉडेलने मानलं तर पृष्ठ गरम राहतं, वाफ जास्त उठते आणि कर्जतच्या पावसाचा आकडा हलतो. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या निसर्ग वादळाला बळ मिळालं तेही अशाच तापलेल्या पाण्यातून, आणि त्याची झळ रायगडच्या आतल्या गावांनाही बसली.

समुद्राच्या या बाजूवर आपल्याकडे भक्कम काम झालं आहे. १९६६मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावला इथे आहे. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह ऋतूप्रमाणे दिशा कसा बदलतो हे उलगडलं: पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे. बंगालच्या उपसागरात नद्यांचं गोडं पाणी खाऱ्यावर पातळ थर धरून बसतं आणि घुसळण अडवतं. त्याच्या मोजणीसाठी केंद्र सरकारच्या मॉन्सून मिशनमध्ये ‘ओशन मिक्सिंग अँड मॉन्सून’ हा स्वतंत्र कार्यक्रमच राबवला गेला.

समुद्र आणि आभाळ या दोन्हींत वावरलेलं एक मराठी नाव इथे आदराने घेतलं पाहिजे. पुण्यात १९४४मध्ये जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हार्वर्डमध्ये गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाच्या नागमोडी वळणांवर पीएचडी केली, मग एमआयटीत चार्नींबरोबर काम केलं आणि १९७१मध्ये मायदेशी परतून त्या मॉन्सूनकडे वळल्या. १९८०मध्ये डी. आर. सिक्का यांच्यासोबत उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांनी दाखवलं की पावसाचा ढगपट्टा विषुववृत्ताकडून उत्तरेला पुन्हा पुन्हा सरकत येतो. मॉन्सूनमधले पावसाचे आणि उघडिपीचे टप्पे समजायला त्यामुळे पक्का पाया मिळाला. मॉडेलला हा पट्टा नीट सरकवता येतो का, ही कसोटी आजही लावली जाते. पुढे त्यांनी कोरडवाहू भागातल्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीच्या वेळेचा अभ्यास केला. गणित शेतापर्यंत न्यायचं असतं, हे त्यांनी करून दाखवलं.

यंत्रांची कहाणी थोडक्यात सांगतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवामानासाठी क्रे महासंगणक अमेरिकेने दिला तो कडक अटींवर. त्याच सुमारास, १९८८मध्ये, पुण्यात सी-डॅक ही संगणक संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. २०१८मध्ये ‘प्रत्युष’ आला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये पुण्यात ‘अर्का’ व नोएडात ‘अरुणिका’ सुरू झाले. सहा किलोमीटरची जाळी रोज वेळेत चालते ती या यंत्रांच्या जोरावर.

यंत्र कितीही मोठं झालं तरी एक मर्यादा राहते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३मध्ये दाखवलं की सुरुवातीच्या मोजमापातली अगदी बारीक चूक वाढत जाऊन साऱ्या अंदाजाला व्यापते. लहान भोवऱ्यातली चूक मोठ्यात चढते, आणि दोनएक आठवड्यांपलीकडे दिवसागणिक अंदाज हाती लागत नाही. म्हणून आता एकच अंदाज काढत नाहीत. सुरुवात किंचित बदलून मॉडेल अनेकदा चालवतात. आपल्याकडे २०१८पासून बारा किलोमीटरच्या जाळीवर एकवीस अंदाजांचा असा समूह चालतो. एकविसांपैकी पंधरांत अतिवृष्टी दिसली तर तयारीला लागायचं, दोनांत दिसली तर लक्ष ठेवायचं. शक्यतेच्या भाषेतला अंदाज हा गुळमुळीत अंदाज नसतो. संक्षुब्ध हवेबद्दल प्रामाणिकपणे बोलण्याची तीच एक भाषा आहे. अलीकडची कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं वेगाने अंदाज देतात, पण ती शिकतात ते निरीक्षणं आणि भौतिक मॉडेलं यांच्या मेळातून तयार झालेल्या दशकांच्या नोंदींवर. आणि बारीक रचना तीही पुसट करतात.

हे सारं किती गंभीर आहे हे या प्रदेशाला सांगायला नको. २६ जुलै २००५च्या त्या चोवीस तासांत मुंबईच्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. तेव्हाच्या आपल्या जागतिक मॉडेलच्या एकाच चौकोनात ही दोन्ही ठिकाणं मावत होती. २७ जुलै २०१९ रोजी कर्जतकडून वाहत येणाऱ्या उल्हास नदीला पूर आला आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकली. आणि १९ जुलै २०२३ची रात्र. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. पन्नासहून अधिक माणसं ढिगाऱ्यातच राहिली. आधीच्या तीन दिवसांत तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती.

पावसाचा अंदाज दरड सांगत नाही. दरडीला माती, खडक, उतार, मुरलेलं पाणी, सगळं लागतं. पण कोणत्या डोंगराच्या कोणत्या बाजूवर किती पाऊस साठतो आहे, हे कळल्याशिवाय पुढचा हिशोब सुरूच होत नाही. आज इशारा जिल्ह्याला मिळतो. रायगड जिल्हा उरणपासून पोलादपूरपर्यंत पसरलेला. २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, ही व्याख्या साऱ्या जिल्ह्याला एकच आणि इशाऱ्याचा रंगही एकच. इशारा जिल्ह्याचा आणि मरण वाडीचं, हे अंतर मिटवणं हे या विज्ञानाचं आपल्याकडचं पहिलं काम आहे असं मी मानतो. जाळी बारीक करणं, करड्या पट्ट्यातलं गणित सुधारणं, अंदाज शक्यतेच्या भाषेत वाडीपर्यंत पोचवणं, या तिन्ही गोष्टी त्यासाठी एकत्र व्हाव्या लागतील.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी प्रवाह आणि भोवरे, मग समीकरणं आणि जाळी, मग सूत्रांनी बसवलेल्या गोष्टी, त्यानंतर घाट, ढग आणि समुद्र, आणि शेवटी अंदाज वाचण्याची रीत. बारावीपर्यंतचं गणित असलेल्या वाचकाला कुठे अडू नये अशी काळजी घेतली आहे. समीकरणं जिथे आली तिथे त्यांचा अर्थ शब्दांत दिला आहे. ती ओलांडून पुढे गेलात तरी धागा सुटणार नाही.

एक विनंती मात्र आहे. सहा किलोमीटरचं मॉडेल बरोबर की चूक हे जमिनीवरच्या मोजमापानेच ठरतं, आणि कर्जत-खालापूरच्या दऱ्यांमध्ये मोजमापं विरळ आहेत. पर्जन्यमापक महाग नसतो. रोज सकाळी साडेआठला, एकही दिवस न चुकवता, वहीत एक आकडा लिहिणं हे एखाद्या आश्रमशाळेला, हायस्कूलला किंवा ग्रामपंचायतीला सहज जमण्यासारखं काम आहे. कशेळे, खांडस, आंबिवली, चौक इथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ते येत्या जूनपासून सुरू करावं, नोंदी दहा वर्षं टिकवाव्यात आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती द्याव्यात. घाटपायथ्याचं गणित पुण्याच्या महासंगणकावर होईल. ते तपासण्याचा अधिकार आणि जबाबदारी इथल्या माणसांची आहे.